मालोजींनी हात जोडले तेव्हा

आधीच ओरडून सांगते, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं तरी चालेल: यातला शब्दन् शब्द खरा आहे. आमच्या इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीची शपथ, माझ्या उरलेल्या दातांची शपथ, आणि हवी तर सुमेधाच्या मिक्सरचीपण शपथ, जो तिला माझ्यापेक्षा जास्त प्यारा आहे. सुमेधा माझी सून. ती म्हणते, आईंनी शपथ घेतली की समजायचं, आता काहीतरी मोठं येतंय. ठीक आहे. मी गप्पा मारते, मानते. नातवाला लहानपणी सांगितलं होतं की त्याच्या आजोबांच्या स्कूटरवर मागच्या सीटवर बसून राळामंडळच्या जंगलातला बिबट्या शहरात आला आणि नवलखा चौराह्यावर उतरून गेला. नातू कॉलेजला जाईपर्यंत ते खरं मानत होता. त्यात माझं काय चुकलं? ऐकणाऱ्याला मजा आली, बिबट्यालाही फुकट सवारी मिळाली. पण हे जे सांगतेय ते तसलं नाही.

सुरू झालं मटारच्या शेंगेत. दुपारी टेबलाशी बसून मटार सोलत होते आणि नचिकेतच्या खोलीतून त्याचाच आवाज आला, पण फुगवलेला, माइकवाला: "और यहीं पे, दोस्तों, मालोजी ने हाथ जोड़ लिए." माझा अंगठा शेंगेतच राहिला. दाणे हाताशी आलेले, थंड, गोल, आणि मला ते बाहेर काढताच येईनात. हाथ जोड़ लिए. किती वर्षांनी कानावर आलं हे! मिल बंद पडली, मिलवाले गेले, मल्हारगंजचं घर विकून आम्ही पलासियाच्या मागे चौथ्या मजल्यावर येऊन बसलो, आणि हे वाक्य बघा, लिफ्टने वर आलं. मी मान वळवून बाल्कनीकडे पाहिलं. मालोजी भाऊजी तिथे पेपर धरून बसले होते. पेपर धरलेला होता, पण पान उलटत नव्हतं. ज्या माणसाला सुमेधा जेवायला हाका मारून थकते, त्याचे कान त्या वेळी इतके जागे होते की मला पाठीवरूनच दिसले.

मालोजी म्हणजे माझे धाकटे दीर, लग्न न केलेले. एका जमान्यात मिलच्या टीमकडून बॉक्सिंग करायचे, आणि असं करायचे की राजवाड्यावर चहावाला त्यांना बसायला स्वतःचं स्टूल द्यायचा. नचिकेत माझा नातू. ऑफिसातून घरी आला की, आणि सुट्टीला दिवसभर, मोबाइलवर इंदूरच्या जुन्या खेळाडूंचे व्हिडिओ बनवतो, लोक बघतातही. आता बॉक्सरांची पाळी आली होती. रविवारी सर्वांत थोर कोण, ते तो सांगणार होता. मी मटार तसेच टाकून त्याच्या दारात उभी राहिले. "काय रे, काय चाललंय?" "आजी, इमोशनल नको होऊ. अॅनालिसिस आहे. रीच, फुटवर्क, जॅब, स्टॅमिना, सगळ्यात छोटे आजोबा टॉप. चिनमध्ये मार खातात." "चिन?" "चिन मतलब जबडा. एक ठोसा, सीधे जमीनपे. दहातून तीन." "आणि ते हात जोडले, त्याचं काय?" "ते हार्टमध्ये. दो." "हृदय दोन?" "हार्ट मतलब हिम्मत, आजी." हिम्मत दोन! सुमेधाच्या वरणात मीठ असतं तेवढी. "त्यांना विचारलंस?" "विचारलं ना. म्हटलं, छोटे आजोबा, हात जोडले होते का? तर म्हणाले, जोडले होते. म्हटलं, का? तर म्हणाले, लहर. आता मी काय करू? लहर का कितना नंबर दूँ?"

परत मटाराकडे आले, पण हात चालेना. डोक्यात भाऊजींना मीच नंबर द्यायला बसले. बघा, मी बॉक्सिंग शिकलेली नाही, पण नवी नवरी म्हणून त्या घरात आले तेव्हापासून हा माणूस मी ओसरीवर सावलीशी मारामारी करताना पाहिलाय. एकीकडे माझी कणीक, एकीकडे त्यांचे ठोसे, आणि दोन्हींचा ताल एक. त्यांचा डावा हात लांब होता. तव्यावर पाण्याचे थेंब मारून तापला का बघतो ना, तसा तो डावा हात जायचा, हलका, परत परत, नुसती चौकशी करायला. समोरच्याला वाटायचं, हे काय, हे तर काहीच नाही. आणि तवा तापलाय हे कळलं की उजवा. पाय मल्हारगंजच्या गल्लीने शिकवलेले. समोरून हातगाडी, मागून सांड, बाजूला सायकलवाला, आणि मधून दुधाची कळशी न सांडता यायचं, ते ज्याला जमलं त्याला रिंग म्हणजे मैदानच. पण पहिली फेरी त्यांची नेहमी ढिली, घासलेटच्या स्टोव्हसारखी. पंप मारावा लागायचा. दोन-चार ठोसे अंगावर पडले की निळी ज्योत. आणि खरी कमजोरी, जी नचिकेतच्या हिशोबात नाहीच, ती म्हणजे हा माणूस मारून झालं की बघत राहायचा. उजवा बसला, समोरचा डगमगला, की यांचे हात थोडे खाली यायचे आणि मान पुढे, जसं विहिरीत दगड टाकून लहान पोर वाकून बघतं. महूच्या छावणीतून शिकवायला यायचे ते उस्ताद डोकं धरायचे. "अबे मार के देखता क्या है, मार के मार!" मी एकदा जेवताना विचारलं होतं, भाऊजी, काय बघता? म्हणाले, वैनी, मार लागल्यावर माणसाच्या डोळ्यांत क्षणभर कोणीच नसतं, मग तो परत येतो. तो कुठे जाऊन येतो ते बघतो. माझा हात वाढताना थांबला होता. असं बोलणाऱ्याला हिम्मत दोन?

आणि मग ती फायनल. मी ती कोणाला सांगितलेली नाही, म्हणजे बिबट्यासारखी तर नाहीच. मिलच्या पटांगणात उघड्यावर रिंग लावली होती, मोठे दिवे, दिव्यांभोवती किडे, हवेत मिलचा कापूस आणि मशीनच्या तेलाचा वास. पुरुष माणसं रिंगभोवती, बायका पटांगणाच्या पूर्वेला बाबूंच्या क्वार्टरच्या गच्चीवर. आम्ही मराठी बायका एका कोपऱ्यात, कारण त्या दिवशी संकष्टी होती आणि बहुतेकींजवळ पूजेची थाळी होती, पाण्याचा तांब्या होता. चंद्र दिसला की तिथेच अर्घ्य देऊन घरी जेवायला जाणार. पोटात भूक आणि डोळ्यांत बॉक्सिंग, असा तो मामला. माझा उपास नव्हता. विक्रांत मांडीवर होता, माझा पहिला, नचिकेतचा बाप, अंगावर पिणारा आणि सतत आजारी, छातीतून मांजरासारखा आवाज काढायचा. माझा पदर दुधाने भिजलेला, थंडी अशी की ओला भाग बर्फासारखा लागत होता, आणि मी त्याला थोपटत खाली बघत होते. समोर महूचा एक फौजी, बैलासारखा. पहिल्या फेरीत भाऊजी स्टोव्हच. दुसरीत निळी ज्योत. तिसरीत फौजीचे पाय जड झाले, सगळ्या पटांगणाला कळलं की आता झालंच, आणि उस्ताद नुसते "मार, मार, मार" करत होते. भाऊजींचं तोंड आमच्या गच्चीकडे होतं. तेवढ्यात माझ्या आजूबाजूच्या सगळ्या बायका उठल्या. "आला, आला" म्हणत पाठी वळल्या, कारण चंद्र आमच्या मागून येत होता. सासूबाईसुद्धा वळल्या. एक मीच नाही वळले. झोपलेलं पोर मांडीवर घेऊन कोण वळतं?

म्हणून चंद्र मी पाहिलाच नाही. मी भाऊजींचं तोंड पाहिलं. त्यांची नजर फौजीच्या डोक्यावरून वर आली, गच्चीवर आली, त्याहून वर गेली, आणि त्यांचे ते फुगलेले ग्लोव्हज्, दोन दुधी भोपळे म्हणा, हळूच एकमेकांना लागले, छातीशी, आणि मान झुकली. घरात उंबऱ्याशी कोणीही करतं तसा नमस्कार. मुद्दाम नाही, हात आपोआप जातात ना, तसे. आणि त्या झुकलेल्या जबड्यावर फौजीचा उजवा आला. भाऊजी सरळ आडवे झाले, फायनल गेली. मग कोणीतरी हसलं, आणि कोणीतरी पहिल्यांदा ते म्हणालं, "अरे, मालोजीने तो हाथ जोड़ लिए!" लोकांना काय दिसलं? समोरच्यापुढे हात जोडणारा बॉक्सर. वळलेल्या बायकांना काहीच दिसलं नाही, रिंगभोवतीच्या पुरुषांना वर बघायची गरज नव्हती. चंद्र आणि मार एकदम पाहणारे त्या शहरात एकटे मालोजी होते, आणि त्यांना पाहणारी एकटी मी.

घरी आले तेव्हा जबडा सुजून टम्म. उस्ताद, माझे मिस्टर, सगळे त्यांच्याभोवती, आणि हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वैनी, चंद्र झाला. वाढा." तेव्हा मला कळलं की यांनी दिवसभर काही खाल्लेलं नाही. जो माणूस सकाळी कच्ची अंडी प्यायचा, देवासमोर कधी उभा राहायचा नाही, तो चौथ धरून होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. चावता येईना म्हणून मी ताक-भात कालवून दिला. "कोणासाठी हो?" मी विचारलं. नवस असल्याशिवाय असला माणूस उपास कशाला करेल? ते भाताकडे बघत म्हणाले, "मीठ थोडं कमी आहे." नवस बोलून दाखवत नाहीत, हे मलाही माहीत होतं, म्हणून मी मीठ घातलं आणि गप्प बसले. पण गप्प बसणं म्हणजे विसरणं थोडंच असतं? यानंतरही ते काही वर्षं खेळले, जिंकलेही खूप, पण रिंगमध्ये आले की कोणी ना कोणी कोपऱ्यातून हात जोडून दाखवायचंच. "हाथ जोड़ दे भिया, छुट्टी कर!" ते हसायचे. आणि दर चौथीला उपास चालूच. आता घरातले म्हणतात, छोटे आजोबा म्हातारपणी देवभोळे झाले. मी ऐकते आणि पोळ्या उलटते.

आता तुम्ही म्हणाल, तुला नक्की आठवतंय का? हा प्रश्न मला त्या दुपारी मटाराशी बसून मीच विचारला. कारण माझं डोकं म्हणजे आंब्याचं लोणचं, काय कधी घातलं आणि किती मुरलं, कोणाला कळणार. बिबट्या मी बनवला होता हे मला माहीत आहे, पण कधी कधी तो स्कूटरवरून उतरतो ते मला दिसतं, शेपटी सायलेन्सरला लागू नये म्हणून वर धरलेली. मग भाऊजींचे ते जुळलेले हातही मीच मुरवलेले नसतील? पण नाही. बनवलेल्या गोष्टीत थंडी वाजत नाही. इथे पदर अजून ओला लागतो, छातीशी तेवढीच जागा गार. बिबट्याच्या वेळी मला कधी काही गार लागलं नाही.

उठले आणि गेले नचिकेतकडे. सगळं सांगितलं, गच्ची, थाळ्या, ग्लोव्हज्, सगळं. तो खुर्ची गोल फिरवत हसला. "चंद्र! आजी, क्या बात है. ये तो बिबट्या का भी बाप है." "अरे, खरं आहे!" "सोर्स काय?" "सोर्स मी." "तूच सोर्स आहेस, हाच तर प्रॉब्लेम आहे ना." "खजराण्याची शपथ घेते." "ती तू त्या दिवशी पण घेतली होतीस, मावशी आली तेव्हा, की डब्यातले लाडू मुंग्यांनी नेले." बघा, पन्नास वर्षं थापा मारल्या की खरं सांगायच्या दिवशी खिशात काय राहतं? दारातून मागे पाहिलं तर बाल्कनीत भाऊजी तसेच, पेपर धरून. संध्याकाळचे पोहे तसेच थंड पडलेले, वरची शेवसुद्धा मऊ झालेली. रविवारी हा पोरगा ते वाक्य पुन्हा सोडणार, आणि आता ते रिंगच्या कोपऱ्यातून नाही, जगभरच्या मोबाइलमधून येणार, आणि मालोजी गेल्यावरही येत राहणार. नचिकेतने हेडफोन उचलले. मी म्हटलं, "उपास तुझ्या बापासाठी होता."

हेडफोन कानापर्यंत पोचले नाहीत. "पप्पांसाठी?" "विक्रांतची छाती तेव्हा अशी वाजायची की डॉक्टर म्हणायचे, हिवाळा निघाला तर बघू. भाऊजींनी चौथ धरली. म्हणून चंद्र बघताच हात गेले, भर रिंगमध्ये. कोणाला सांगितलं नाही, कारण नवस सांगत नाहीत. मलाही एकदाच बोलले." नचिकेत माझ्याकडे बघत राहिला, अगदी मालोजीसारखा, मान पुढे. त्याच्या डोळ्यांतून तो क्षणभर कुठे तरी जाऊन आला. मग म्हणाला, "मतलब, मी पण..." आणि उठला. दार लावलं त्याने. रात्री जेवायला आला तेव्हा भाऊजींच्या ताटात त्याने स्वतः तूप वाढलं. भाऊजी म्हणाले, "का रे, काय हवंय?" तो म्हणाला, "कुछ नहीं."

रविवारी व्हिडिओ आला. भाऊजी फोन कानाशी धरून ऐकतात, बघत नाहीत, म्हणून आम्हाला सगळ्यांनाच ऐकू आलं. डाव्या हाताचं कौतुक झालं, पायांचं झालं, मारून बघत राहायची सवय मी सांगितलेली, तीही कमजोरी म्हणून मांडली, आणि बरोबरच आहे, कमजोरी ती कमजोरी. मग नचिकेतचा आवाज थोडा खाली आला. "उन्होंने हाथ जोड़े थे, दोस्तों. लेकिन सामनेवाले को नहीं." आणि सगळं सांगितलं. सर्वांत थोर म्हणाला नाही हं, दुसरा नंबर दिला, पहिला महूचा कोणी. मला आवडलं ते. नातवाने नात्याला नंबर दिले नाहीत. जबड्याचे तीन खोडून टाकले आणि हिम्मतच्या पुढे काही लिहिलंच नाही, म्हणाला, इसका नंबर मैं नहीं दे सकता. खाली लोकांनी हात जोडलेली ती छोटी पिवळी चित्रं पाठवली, इतकी की सुमेधा बोट फिरवून थकली. भाऊजींना सांगितलं, लोक हात जोडतायत, तर म्हणाले, "आता का?" पण पोहे संपवले त्यांनी त्या दिवशी, जिलेबी मागून घेतली, आणि संध्याकाळी खाली बगीच्यात कोणातरी पोराने विचारलं म्हणून बाकावर बसल्या बसल्या डावा हात कसा जातो ते दाखवलं. मी वरून पाहिलं. चौकशी करायला जायचा तो हात, अजून तसाच. मग कामासाठी बेंगळुरूला गेलेल्या विक्रांतचा फोन आला. साठीला टेकलेला माणूस, रडत होता. भाऊजी नुसते "हो रे, हो, असू दे, असू दे" म्हणत होते, आणि बोलता बोलता माझ्याकडे बघत होते. नजरेत राग नव्हता, पण काहीतरी होतं.

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? एक बारीकसा तुकडा मी माझ्या पदरचा घातला. चंद्र खरा, उपास खरा, ठोसा खरा, ताक-भात खरा. उपास विक्रांतसाठी होता, हे मात्र मी बनवलं, तिथल्या तिथे, नचिकेत हेडफोन लावायला निघाला म्हणून. भाऊजी मला त्याबद्दल कधीच काही बोलले नव्हते. खऱ्यावर विश्वास बसेना, तर काय करता? फोन ठेवल्यावर मीच त्यांना गाठलं. "विक्रांतसाठी नव्हता ना?" "नव्हता." "मग त्याला तसं म्हणाला का नाहीत?" "पोरगा किती खूश झाला, वैनी." "मग खरा कोणासाठी होता? आता तरी सांगा, मिल गेली, उस्ताद गेले, माझे मिस्टर गेले, आता कोणापासून लपवायचंय?" त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. म्हणाले, "अजून फळायचंय. फळलं की पहिलं तुम्हालाच सांगतो." पंच्याऐंशीच्या पुढचा माणूस, असं म्हणतो आणि वर जिलेबी मागतो. मी दिली. आता बघा माझी पंचाईत, तोवर मला मरतासुद्धा येत नाही.